गिटारकडून सिंथेसायझरकडे : ‘पेंटाग्राम’चे वळण

रॉक बँडने आपला बाज बदलला की जुना श्रोता प्रथम दुरावतो. मुंबईच्या ‘पेंटाग्राम’ने ही जोखीम पत्करली. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या बँडचा ‘वी आर नॉट लिसनिंग’ हा पहिला अल्बम १९९६ मध्ये आला. त्यात गिटारचेच राज्य होते. २००२ च्या ‘अप’मध्ये मात्र इलेक्ट्रॉनिक संगीताचा ठसा स्पष्ट उमटला. स्वतः रचलेली इंग्रजी गाणी गाणाऱ्या भारतीय बँडचा श्रोतृवर्ग मुळातच महाविद्यालये आणि मोजक्या महोत्सवांपुरता होता. त्यालाही नवे ऐकायला लावणे हे धाडसच म्हटले पाहिजे.

अशा स्थित्यंतराचे जगातले ठळक उदाहरण मँचेस्टरचे. ‘जॉय डिव्हिजन’चा गायक इयान कर्टिस याने १९८० मध्ये आत्महत्या केली. उरलेल्या वादकांनी ‘न्यू ऑर्डर’ या नावाने पुन्हा आरंभ केला आणि १९८३ च्या ‘ब्ल्यू मंडे’त ड्रम मशीन व सिंथेसायझर यांना पुढे आणले. पाय थिरकवणारा यांत्रिक ठेका आणि त्यावर जवळजवळ निर्विकार, दुखावलेला आवाज, हेच ‘डार्क सिंथ पॉप’चे मर्म. यंत्राचा ताल भावनेने ढळत नाही, म्हणूनच त्याच्याशेजारी माणसाचा स्वर अधिक एकाकी भासतो.

वाद्य परके असले म्हणून संगीत परके होतेच असे नाही. ‘खल्वायन’सारख्या संस्थेने संगीत नाटकाची परंपरा जपलेल्या रत्नागिरीत हे वेगळे सांगायला नको. पाश्चात्त्य ऑर्गन मराठी रंगभूमीवर असा रुळला की त्याच्यावाचून नाट्यपदाची कल्पना करणे कठीण जाते.

‘पेंटाग्राम’ मात्र मँचेस्टरकरांइतका दूर गेला नाही. विशाल दादलानी यांचे आक्रमक गायन, रँडॉल्फ कोरिया यांची गिटार, पापल माने यांचे बास आणि शिराज भट्टाचार्य यांचे ड्रम ही चौकट कायम राहिली. ड्रमवर माणूस बसलेला असल्याने गाण्यात घाम होता, थंडावा नव्हता. त्यामुळे त्याला निखळ सिंथ पॉप म्हणता येत नाही; इलेक्ट्रॉनिक रॉक हेच नाव त्याला शोभते. कोरिया यांनी पुढचे पाऊल बँडबाहेर टाकले. गायिका मोनिका डोगरा यांच्यासह ‘शाइर अँड फंक’ या जोडीचा ‘न्यू डे : द लव्ह अल्बम’ २००७ मध्ये आला आणि तेथे इलेक्ट्रॉनिक सुरांना मोकळे रान मिळाले.

‘पेंटाग्राम’ला या बदलाने मारले नाही. २००५ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात त्याचे वादन झाले. २००७ मध्ये ‘इट्स ओके, इट्स ऑल गुड’ आणि २०११ मध्ये ‘ब्लडीवुड’ हे अल्बम आले. या शेवटच्या नावातला टोला हिंदी चित्रसृष्टीला आहे; आणि तो लगावणारे गायक दादलानी हे ‘विशाल-शेखर’ या संगीतकार जोडीतले विशाल!