दंड कोणीं ठरवावा?

छपराचें काम चालू असतां मध्यें भोंक राहिलें तर त्यावर झांकण घालावें, आणि तें सहजासहजीं सरकणार नाहीं असें बसवावें, ही गोष्ट गवंड्याच्या पोरासही समजते. अमेरिकेंतील अ‍ॅटलस रूफिंग या छप्पर घालणाऱ्या कंपनीच्या एका कामावर तसें झांकण बसविलेलें नव्हतें, आणि एक कामगार पडून मरण पावला. सरकारनें कंपनीवर गंभीर कसुरीचा ठपका ठेवून ६०० डॉलर दंड सुचविला. एवढ्या रकमेनें कोणत्याही कंत्राटदाराचें दिवाळें निघत नाहीं. तरीही कंपनीनें सर्वोच्च न्यायालयापर्यंत धांव घेतली. कारण तिचा प्रश्न रकमेचा नव्हता, ती ठरविणाऱ्याचा होता.

हा प्रश्न उपस्थित होण्यास १९७० सालचा कायदा कारण झाला. त्या वर्षीं २९ डिसेंबर रोजीं अध्यक्ष निक्सन यांनीं कामगारांच्या सुरक्षिततेच्या कायद्यावर सही केली. इमारतीच्या धंद्यापुरता असा एक कायदा त्याच्या आदल्याच वर्षीं झाला होता, व त्यांत कंत्राटदार, कामगार आणि सामान्य जनता या तिघांचे सारखे प्रतिनिधी असलेलें सल्लागार मंडळ नेमण्याची तरतूद होती. म्हणजे नियम करतांना मालकांचें म्हणणें ऐकावयाचें, हें तत्त्व मान्य झालेंच होतें. नियम मोडल्याचा आरोप झाल्यावर निवाडा कोणीं द्यावयाचा, यावर मात्र सिनेटमध्यें मोठें रण माजलें. मूळ विधेयकाप्रमाणें नियम करणें, तपासणी करणें आणि निवाडा देणें हीं तिन्ही कामें मजूरमंत्र्यांकडेच जाणार होतीं. कामगार संघांस तेंच हवें होतें. मालकांचें म्हणणें असें कीं, फिर्यादीनेंच न्यायासनावर बसावें हा कोठला न्याय? या तक्रारींत तथ्य नव्हतें असें कोण म्हणेल? अखेर न्यूयॉर्कचे सिनेटर जेकब जेव्हिट्स यांनीं मधला मार्ग काढला. नियम व तपासणी मंत्र्यांकडे राहिली. अपिलें ऐकण्यासाठीं तीन सभासदांचें स्वतंत्र पुनर्विचार मंडळ स्थापन झालें. नियम करण्याचें कामही निराळ्या मंडळाकडे द्यावें ही मालकांची मागणी मात्र फेटाळली गेली.

ठपक्याची नोटीस मिळाल्यावर मालकानें कामकाजाच्या पंधरा दिवसांत हरकत घेतली कीं प्रकरण या मंडळाकडे जातें. हरकत प्रामाणिक असेल तर शेवटचा हुकूम होईपर्यंत दोष दुरुस्त करण्याची मुदतही सुरू होत नाहीं. कामगाराचा अधिकार याहून पुष्कळच तोकडा आहे. त्यास सुनावणींत पक्षकार होतां येतें. पण स्वतः हरकत घ्यावयाची तर ती एकाच गोष्टीवर, दुरुस्तीसाठीं दिलेली मुदत अवाजवी लांब आहे म्हणून! दंड थोडा झाला अशी तक्रार करण्यास त्यास वाव नाहीं. ज्याचा जीव धोक्यांत, त्याचाच शब्द येथें सर्वांत तोकडा ठेवलेला आहे.

मालकांस एवढ्यानेंही समाधान वाटलें नाहीं. अ‍ॅटलसबरोबर फ्रँक आयरी ज्युनियर ही दुसरी कंपनीही न्यायालयांत उभी होती. तिच्या कामावर चराच्या बाजू ढासळून एक कामगार मेला होता. मऊ मातींत खणलेल्या चरास टेकू द्यावे लागतात, ते दिलेले नव्हते असा आरोप होता. सुचविलेला दंड ७,५०० डॉलरचा. सुनावणी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्यानें तो ५,००० वर आणला होता. दोघांचाही आधार १७९१ सालची सातवी घटनादुरुस्ती. वीस डॉलरहून अधिक रकमेच्या दिवाणी दाव्यांत ज्युरीचा हक्क ती देते. मग सरकारी मंडळानें ज्युरीवांचून हजारों डॉलर कसे वसूल करावे? २३ मार्च १९७७ रोजीं निकाल लागला. न्या. व्हाइट यांनीं लिहिलें तें थोडक्यांत असें: कायद्यानें नवाच सार्वजनिक हक्क निर्माण केला असेल, तर त्याचा निवाडा ज्युरीवांचून मंडळाकडे सोंपविण्यास घटनेची आडकाठी नाहीं. निकालांत भाग घेतलेल्या एकाही न्यायाधीशाचें मत विरुद्ध पडलें नाहीं.

पुढल्याच वर्षीं आयडाहोंतील वीज व नळकामाच्या बार्लो कंपनीनें मात्र बाजी मारली. मालकाची संमति नसेल तर निरीक्षकास वॉरंटावांचून आंत शिरतां येणार नाहीं असें ठरलें.

प्रकरण तेथें मिटलें असें वाटत होतें. परंतु २७ जून २०२४ रोजीं जार्कसी खटल्यांत, रोखेबाजारांतील लबाडीबद्दल दंड करावयाचा तर प्रतिवादीस ज्युरी मिळालीच पाहिजे असा निर्णय सहा विरुद्ध तीन मतांनीं झाला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनीं अ‍ॅटलसचा निकाल रद्द केला नाहीं, पण त्याची व्याप्ति आकुंचित केली. छपराच्या नियमांस जुन्या दिवाणी कायद्यांत मूळच नव्हतें, ते बांधकामाच्या तपशीलवार नियमावलीसारखे होते, म्हणून तो खटला वेगळा, असें त्यांचें विवेचन. इकडे पुनर्विचार मंडळाचीच स्थिति बिकट झाली होती. त्याच्या निर्णयास निदान दोन सभासद लागतात. एप्रिल २०२३ अखेर एकच उरला, आणि एप्रिल २०२५ मध्यें तोही पायउतार झाला. मालकांच्या आग्रहावरून निर्माण झालेल्या त्या न्यायासनापुढें अपिलें नोंदलेलीं होतीं, आणि आसनावर कोणी नव्हतें.