डॉ. कोटणीस : चरित्र आणि चित्रपट

युद्धपट म्हटला कीं तोफांचा गडगडाट आणि शत्रूचा निःपात हेंच दृश्य डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु ज्याच्या नायकानें हातीं शस्त्र धरलें तें केवळ शस्त्रक्रियेचें, असा एक युद्धपट सोलापूरच्या सुपुत्रावर निघाला आहे. व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ तो हा होय.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापुरास १० ऑक्टोबर १९१० रोजीं झाला. ज्या गांवानें १९३० मध्यें लष्करी कायद्याचा जाच सोसला आणि १९३१ च्या जानेवारींत आपले चार पुत्र फांसावर गेलेले पाहिले, त्या गांवच्या तरुणास परसत्तेचें दुःख निराळें शिकवावें लागलें नसेल. जपानी आक्रमणानें गांजलेल्या चीनच्या साह्यार्थ राष्ट्रसभेनें १९३८ मध्यें पांच डॉक्टरांचें पथक धाडलें. अटल, चोळकर, बसु व मुखर्जी यथावकाश परतले. कोटणीस मात्र तेथेंच राहिले. १९४० च्या धुमश्चक्रींत त्यांनीं सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचें सांगतात. १९४१ मध्यें ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि त्याच वर्षीं गुओ चिंगलान या परिचारिकेशीं त्यांनीं विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजीं अपस्माराच्या विकारानें त्यांचें देहावसान झालें. वय अवघें ३२. पुत्र साडेतीन महिन्यांचा.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून रचलेल्या चित्रपटांत नायकाची भूमिका स्वतः शांताराम यांनीं व पत्नीची जयश्री यांनीं केली. त्यांत भयंकर सांथीवर औषध शोधून काढल्याच्या प्रसंगास मोठें महत्त्व दिलें आहे. नाटकास एक उत्तुंग क्षण लागतो, हें आम्हांस मान्य आहे. पण कोटणिसांचें मोठेपण अशा एका चमत्कारांत नसून, अपुऱ्या साधनांनिशीं रोज नव्या जखमा बांधण्याच्या नीरस श्रमांत होतें. चमत्काराचें कौतुक करून प्रेक्षक घरीं जातो. श्रमाचें उदाहरण मात्र त्यास स्वस्थ बसूं देत नाहीं. चित्रपटानें गमावलें तें हेंच.

त्यांना शांततेचे प्रेषित म्हणण्याची कांहींजणांस हौस असते. तेंही यथार्थ नव्हे. आक्रमणास तोंड देणाऱ्या सैन्याचे ते डॉक्टर होते, आणि १९४२ मध्यें ते चिनी साम्यवादी पक्षांत दाखल झाले. त्यांची करुणा तटस्थ नव्हती. तथापि लढाईसाठींच चालविलेल्या त्या रुग्णालयाच्या नांवांत ‘शांतता’ हा शब्द होता, ही विसंगति त्यांच्या चरित्राचें मर्म आहे. युद्ध न्याय्य असलें तरी हातपाय तुटतातच, हें शस्त्रक्रियेच्या मेजापाशीं उभ्या असलेल्या माणसाइतकें कोणास कळणार?

पुढें १९६२ मध्यें भारत व चीन हेच परस्परांशीं लढले. तरीही चीनमध्यें शिच्याच्वांग येथें त्यांची समाधि राखली गेली, आणि सोलापुरांतील त्यांच्या घरीं स्मारक झालें. चित्रपट अवश्य पाहावा. परंतु त्या घरीं जाऊन खऱ्या चरित्राचीही ओळख करून घ्यावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे.