दिनविशेष : ३१ जानेवारी १८३९
कागदावर उतरला उजेड

लंडनच्या रॉयल सोसायटीत या दिवशी विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांचा निबंध वाचला गेला. चित्रकाराच्या पेन्सिलीशिवाय, केवळ प्रकाशाच्या साह्याने कागदावर चित्र उमटवता येते, असे त्यांनी मांडले. कृतीचा तपशील फेब्रुवारीत दिला : लिहिण्याचा चांगला कागद मिठाच्या पाण्यात भिजवून सुकवायचा, त्यावर सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण लावायचे. ऊन लागेल तिथे कागद काळवंडे.

चित्र उलटे उमटे. उजेड काळा, सावली पांढरी. या उलटेपणातच पुढच्या दीडशे वर्षांच्या छायाचित्रणाची किल्ली होती. जानेवारीतच पॅरिसमध्ये जाहीर झालेल्या दागेर यांच्या पद्धतीत चित्र धातूच्या पत्र्यावर उमटे आणि ते एकुलते एक असे. टॅल्बट यांच्या उलट्या चित्राखाली, म्हणजे निगेटिव्हखाली, नवा कागद ठेवून उन्हात धरला, की सुलटी प्रत मिळे आणि एकीवरून अनेक प्रती निघत. घरोघरचे अल्बम, पुस्तकांत चिकटवलेली छायाचित्रे, चित्रपटांच्या प्रिंट या सगळ्यांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. एकाच्या संग्रहातले चित्र अनेकांच्या हाती पोचले, ते या साध्या कागदामुळे.