कोषातून पतंग बाहेर पडला, तर?

नागापूरच्या एका शिक्षिकेने मध्यंतरी आम्हांला एक प्रश्न कळवला. वर्गात रेशीमकिड्याचे जीवनचक्र शिकवून झाले होते. कोष उकळत्या पाण्यात टाकतात हे ऐकल्यावर एका मुलीने हात वर केला. तिच्या घरी नुकतीच एक रेशमी दुलई आणली होती आणि वेष्टनावर ‘अहिंसक रेशीम’ असे छापले होते. घर जैन, म्हणून ते वाचूनच दुलई घेतली होती. “मग बाई, आमची दुलई कशी केली?” या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात नव्हते.

हा प्रश्न नवा वाटला तरी रेशीम मात्र या जिल्ह्याला नवे नाही. नागापूरपासून सुमारे साठ किलोमीटरवर, प्रवरेच्या काठी नेवासे आहे. नेवासे म्हटले की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना तेथली माळ आठवते. डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात तेथे उत्खनन केले. ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात गळ्याशी तांब्याचे मणी मिळाले. तांब्याचे क्षार जिवाणूंना मारक असतात. त्यामुळे मण्यांच्या पोटातला दोरा कुजला नाही. मुंबईचे तंतुतज्ज्ञ ए. एन. गुलाटी यांनी तो तपासला, तेव्हा तो रेशमाचा निघाला आणि त्यात कापसाचे तंतूही आढळले. हा दोरा तीन हजार वर्षांहून जुना आहे. पुढे २००९ मध्ये हडप्पा आणि चन्हुदडो येथल्या अलंकारांत व मण्यांत अडकलेले याहूनही जुने रेशीमतंतू प्रसिद्ध झाले. ते रानटी रेशमाचे होते.

रेशीम म्हणजे तुती आणि तुती म्हणजे चीन, हे समीकरण आपण मुलांना नकळत शिकवतो. तुतीवरचा बाँबिक्स मोरी हा किडा चीनमध्ये माणसाळला हे खरेच. पण ऐन, अर्जुन, बोर अशा झाडांवर वाढणारा टसरचा किडा आपल्याच रानातला आहे. ब्रिटिश अमदानीच्या सुरुवातीला दख्खनची पाहणी करणारे कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३०च्या दशकात रॉयल एशियाटिक सोसायटीसाठी त्यावर निबंध लिहिला. त्याचे स्थानिक नाव ते ‘कोलीसुरा’ असे देतात. येथले लोक त्याच्या टणक कोषाच्या चक्राकार पट्ट्या कापून तोड्याच्या बंदुकीची नळी दस्त्याला बांधत, असे त्यांनी नोंदवले आहे. रेशमाचा हा उपयोग आम्हांला तरी पैठणीइतकाच विलक्षण वाटतो. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांत ढिवर समाजाने टसरचे किडे ऐनावर वाढवण्याची विद्या आजवर सांभाळली आहे.

आपल्या घरांतली आणखी एक गोष्ट येथे सांगायला हवी. सोवळ्यात सुती वस्त्र रोज धुऊन, कोणाचा स्पर्श न होता वाळवावे लागे. रेशमी मुकटा किंवा पीतांबर मात्र तसाच चाले. हजारो जीव मारून केलेले वस्त्र देवापुढे शुद्ध कसे, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नसे. शुद्धाशुद्धतेचा विचार स्पर्शाभोवती बांधलेला होता, वस्त्र कसे तयार झाले याच्याभोवती नव्हता. ज्यांनी तो विचार केला त्यांत जैन मंडळी होती. गांधीजींनाही रेशमासाठी होणारी ही हत्या खटकत असे.

किडा मारतात कशासाठी? अळी जो कोष विणते तो एकाच अखंड तंतूचा असतो, तुतीच्या कोषात तो साधारण सहाशे मीटर ते हजारभर मीटर लांब भरतो. तंतूचा गाभा फायब्रॉइन या प्रथिनाचा आणि त्यावरचा डिंक सेरिसिन या प्रथिनाचा. गरम पाण्यात डिंक मऊ होतो आणि तंतू उलगडता येतो. मात्र पतंग बाहेर येण्याआधीच कोष वाफेने किंवा गरम हवेने तापवून आतला जीव मारतात. एक किलो कच्च्या रेशमाला असे चार ते सहा हजार कोष लागतात.

पतंग कोष ‘कुरतडून’ बाहेर येतो असे अनेक पुस्तकांत लिहिलेले असते. ते चूक आहे. पतंगाला कुरतडायला जबडेच नसतात. फोटिस काफाटोस आणि कॅरोल विल्यम्स यांनी १९६४ मध्ये टसरच्याच गोत्रातल्या पतंगांवर काम करून दाखवले की पतंग तोंडाशी एक विकर सोडतो. हे विकर सेरिसिन विरघळवते, फायब्रॉइनला हात लावत नाही. मग पतंग तंतू बाजूला सारत बाहेर पडतो. या रेटारेटीत तंतू विस्कटतात, काही तुटतात आणि कोष अखंड उलगडता येत नाही. तो कापसासारखा पिंजून कातावा लागतो. सूत जाडसर, गाठीगाठीचे, कमी चकाकीचे निघते.

अशा फुटक्या कोषांचे सूत पूर्वीपासून होतेच. बीजासाठी ठेवलेल्या कोषांतून पतंग निघू द्यावेच लागतात. ते कोष कातून ‘मटका’ रेशीम करतात. हैदराबादचे हातमागतज्ज्ञ कुसुमा राजय्या यांनी १९९०च्या दशकात या पद्धतीला ‘अहिंसा रेशीम’ म्हणून वेगळे रूप दिले आणि पुढे पेटंटही मिळवले. कोष मारायचे नाहीत, आठ-दहा दिवस थांबून पतंग निघाल्यावरच सूत काढायचे, हा त्यातला मुख्य नियम.

म्हणजे त्या मुलीची दुलई हिंसेवाचून झाली का? येथे आम्हांला हात आखडता घ्यावा लागतो. हजारो वर्षांच्या पाळीवपणात तुतीच्या पतंगाची उडण्याची शक्ती गेली आहे. तो काही खातही नाही; आठवडाभर जगतो, मीलन होते, मादी चारशे-पाचशे अंडी घालते आणि मरते. सगळे पतंग सोडले तर त्या अंड्यांतून निघणाऱ्या अळ्यांना पुरेल इतकी तुती कोठून आणायची? अंडी नष्ट करावी लागतात, नाहीतर अळ्या उपाशी मरतात. बीजकेंद्रातली गोष्ट तर आणखी वेगळी आहे. पेब्रिन हा रोग मातेकडून अंड्यांत उतरतो हे लुई पाश्चर यांनी १८६०च्या दशकात सिद्ध केले. तेव्हापासून अंडी घातलेली मादी चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत पडली. तो कोष फुटका असतो खरा, पण मादीचा शेवट असा होतो. एरंडावर वाढणाऱ्या एरी किड्याचा कोष एका टोकाला मुळातच उघडा असतो, म्हणून एरीला सरसकट अहिंसक म्हणतात. परंतु ईशान्य भारतात त्यातला कोशित आवडीने खाल्ला जातो. तेव्हा वेष्टनावरचा शब्द वाचल्यावर दोन गोष्टी विचाराव्यात: पतंग बाहेर पडला होता का आणि पुढच्या पिढीचे काय केले?

दुलईच्या गुणांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. कातलेल्या रेशमात हवा अडकून राहते, म्हणून ऊब मिळते. नेहमीच्या हवेत रेशीम आपल्या वजनाच्या सुमारे ११ टक्के बाष्प धरते, कापूस आठ टक्क्यांच्या आसपास. घाम शोषूनही ते ओले लागत नाही ते यामुळेच. ‘ॲलर्जी होत नाही’ ही जाहिरात मात्र तपासून घ्यावी. रेशमी भरावाच्या दुलयांमुळे मुलांना दमा झाल्याची उदाहरणे चीनमध्ये नोंदलेली आहेत.

धुण्याविषयी मनुस्मृतीत एक मजेदार यादी आहे: कौशेय आणि लोकर खाऱ्या मातीने, कांबळी रिठ्याने, क्षौम वस्त्रे पांढऱ्या मोहरीने. रसायनशास्त्राच्या दृष्टीने रेशीमही रिठ्याच्या रांगेत बसवायला हवे होते, कारण अल्कलीने प्रथिन झिजते. अभ्रा कोमट पाण्यात रिठ्याने धुवावा, पिळू नये, सावलीत वाळवावा. भराव धुऊ नये, वाऱ्यावर टाकावा.

त्या बाईंना आम्ही वर्गासाठी एक प्रयोगही कळवला. दोन काचेच्या पेल्यांत घरगुती ब्लीचचे थोडे द्रावण घ्यावे. एकात खऱ्या रेशमाचा धागा सोडावा, दुसऱ्यात सुती. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि द्रावण शिक्षकांनीच हाताळावे. काही वेळाने रेशमाचा धागा विरघळून नाहीसा होतो, सुती मात्र तसाच राहतो. ‘रेशमी’ म्हणून विकलेला पॉलिएस्टरचा धागाही तसाच राहतो. दुलईच्या कडेचा एखादा सुटा धागा त्या मुलीला घरून आणता येईल.