‘क्लिप’चं कूळ: रुग्णाच्या रक्तातून प्रयोगशाळेत

उंदराच्या मेंदूतली ताजी ऊती बर्फावर ठेवायची आणि तिच्यावर २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण सोडायचे. काम फार वेळाचं नाही. तेवढ्यात पेशींमध्ये जी प्रथिनं आरएनएला अगदी चिकटून बसलेली असतात, त्यांच्यापैकी काहींचा आरएनएशी पक्का रासायनिक बंध जुळतो. मग पेशी फोडायच्या, आरएनएचे बारीक तुकडे करायचे, एका विशिष्ट प्रथिनाला ओळखणारं प्रतिपिंड वापरून ते प्रथिन त्याच्या तुकड्यासकट बाहेर ओढायचं. शेवटी विकराने प्रथिन पचवून टाकायचं आणि हाती उरलेल्या आरएनएची अक्षरं वाचायची. प्रथिन मेंदूत नेमकं कुठे बसलं होतं, ते कळतं. या तंत्राचं नाव क्लिप. आज आरएनएवर काम करणाऱ्या असंख्य प्रयोगशाळांत ते रोजच्या वापरात आहे.

याची गरज का पडावी? जनुकावरून उतरवलेला आरएनए पेशीत कधी एकटा हिंडत नाही. त्याचे नको ते भाग कापणं, उरलेले सांधणं, त्याला केंद्रकाबाहेर नेणं, त्यावरून प्रथिन कधी बनवायचं आणि त्याला कधी मोडीत काढायचं, हे सगळं त्याला बिलगलेली प्रथिनं ठरवतात. माणसाच्या जनुकसंचात अशा दीड हजारांहून अधिक प्रथिनांची नोंद आहे. त्यांतलं एखादं बिघडलं, तर त्याच्या हाताखालचे शेकडो आरएनए एकदम बिघडू शकतात. म्हणून आधी कोण कुणाच्या हाताखाली आहे, ते माहीत हवं.

या कुळाचा सर्वांत जुना धागा रुग्णालयातून येतो. ल्युपस या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर, विशेषतः त्यांच्या केंद्रकातल्या घटकांवर उलटते. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात एंग टॅन आणि हेन्री कुंकेल यांना ल्युपसच्या एका रुग्णाच्या सीरममध्ये वेगळंच प्रतिपिंड सापडलं. ते ज्या घटकाला धरत होतं, त्याला त्यांनी रुग्णाच्या आडनावातली पहिली दोन अक्षरं घेऊन ‘एसएम’ म्हटलं. हा घटक पेशीत करतो काय, याचा तेव्हा कुणालाच पत्ता नव्हता.

उत्तर यायला तेरा वर्षं लागली. येल विद्यापीठात जोन स्टाइट्झ यांच्या प्रयोगशाळेत मायकल लर्नर हा वैद्यकाचा विद्यार्थी ल्युपसच्या रुग्णांची सीरमं वापरून पाहत होता. १९७९ मध्ये या दोघांनी दाखवलं, की ‘एसएम’विरुद्धचं प्रतिपिंड पेशीतून प्रथिनं तर ओढतंच, पण त्यांच्यासोबत लहान लहान आरएनएही येतात. पुढच्याच वर्षी त्यांनी अंदाज मांडला, की हे कण आरएनएची काटछाट, म्हणजे स्प्लायसिंग करत असावेत. स्प्लायसिंगचा शोध लागून तेव्हा तीनच वर्षं झाली होती. अंदाज खरा ठरला. एक युक्तीही हाती आली: प्रथिनाला प्रतिपिंडाने धरा, आरएनए मागोमाग येतो.

युक्तीत एक खोट होती. प्रतिपिंड आत पोचवायचं तर पेशी फोडावी लागते, आणि पेशी फुटली की आतली मांडणी विस्कटते. जिवंतपणी कधी भेटले नव्हते, असे प्रथिन आणि आरएनए परीक्षानळीत गळ्यात गळे घालू शकतात. पंगत उठल्यावर खरकट्या पानांवरून कोण कुणाशेजारी बसलं होतं ते सांगायला जावं, तशातली गत. ही शंका पुढे २००४ मध्ये स्टाव्रूला मिली आणि स्वतः स्टाइट्झ यांनीच प्रयोगाने खरी करून दाखवली.

दुसरा धागा प्रकाशाचा. अतिनील किरण आरएनए आणि त्याला स्पर्श करणारं प्रथिन यांना सांधतात, हे माहीत होतं. १९८४ मध्ये गिडियन ड्रायफस यांच्या गटाने जिवंत पेशींवरच असे किरण सोडले आणि केंद्रकातल्या आरएनएवर बसलेल्या प्रथिनांचा संच वेगळा काढला. पेशी फोडण्याआधीच बंध पक्का झालेला असल्याने नंतर कितीही कडक धुणी दिली, तरी खरी जोडी सुटत नाही आणि उपरे सोबती गळून पडतात. ड्रायफस यांचा प्रश्न मात्र ‘आरएनएवर कोणती प्रथिनं बसतात’ असा होता. उलटा प्रश्न, ‘हे एक प्रथिन कोणकोणत्या आरएनएवर बसतं’, हा विचारायला निमित्त पुन्हा रुग्णांनीच पुरवलं.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयात जेरोम पोस्नर हे मज्जाविकारतज्ज्ञ काही विचित्र रुग्ण पाहत होते. फुप्फुसाची गाठ अगदी लहान, पण हातापायांची संवेदना गेलेली. किंवा स्तनाचा कर्करोग, आणि सोबत डोळ्यांची बुबुळं अनावर भिरभिरणारी, चालताना तोल न सावरणारा. कर्करोग मेंदूत पसरलेला नसे. एरवी फक्त चेतापेशींत असणारं एखादं प्रथिन गाठ बनवू लागते. प्रतिकारशक्ती गाठीवर तुटून पडते आणि त्याच भरात मज्जासंस्थेलाही शत्रू समजते, असा तर्क होता. या रुग्णांच्या सीरममध्ये चेतापेशींना धरणारी प्रतिपिंडं सापडली. नावं जुन्याच रीतीने, रुग्णांवरून पडली: ‘हू’, ‘री’.

हीच सीरमं गळासारखी वापरून संशोधकांनी मेंदूच्या जनुकांचे संग्रह चाळले. १९९१ मध्ये ‘हू’चं जनुक सापडलं. त्याचं जवळचं नातं निघालं फळमाशीच्या ‘इलॅव्ह’शी, आणि इलॅव्ह हे आरएनएला बांधलं जाणारं प्रथिन दिसतं, हे कल्पना व्हाइट यांच्या गटाने १९८८ मध्येच सांगितलं होतं. १९९३ मध्ये रॉबर्ट डार्नेल आणि सहकाऱ्यांनी ‘री’चं जनुक शोधलं आणि प्रथिनाला ‘नोव्हा’ म्हटलं. तेही आरएनएला बांधणारंच निघालं. चेतापेशींना स्वतःची अशी खास आरएनए-प्रथिनं असतात, हे अशा रीतीने कर्करोगाच्या वॉर्डातून कळलं.

डार्नेल स्वतः मज्जाविकारतज्ज्ञ. त्यांची प्रयोगशाळा रॉकफेलरमध्ये, म्हणजे पोस्नर यांच्या रुग्णालयासमोरचा रस्ता ओलांडला की लगेच. नोव्हा काढून टाकलेली उंदरांची पिल्लं जन्मल्यावर फार दिवस जगत नसत. पण नोव्हा करतं काय? परीक्षानळीत त्याला आवडणारी अक्षरं कळली होती. जिवंत मेंदूत ते नेमकं कुठे बसतं, हे त्यावरून कळेना. तीच चार अक्षरं तर जनुकसंचात जागोजागी.

इथे सगळे धागे एकत्र आले. डार्नेल यांच्याकडे पीएचडी करणारे स्लोव्हेनियाचे येर्ने उले आणि त्याच प्रयोगशाळेतले कर्क जेन्सन यांनी किरणांचा बंध आणि प्रतिपिंडाची ओढ एकाच प्रयोगात बसवली. मध्ये एक साधी, हुशार पायरी होती. बाहेर ओढलेला माल जेलमधून चालवून नायट्रोसेल्युलोजच्या पडद्यावर उतरवायचा. सुटा आरएनए त्यातून निसटतो आणि प्रथिनाला जखडलेला तेवढा मागे राहतो. २००३ च्या ‘सायन्स’मधल्या लेखात ३४० तुकड्यांचा हिशोब होता. ३४ आरएनए एकाहून अधिक वेळा सापडले. त्यांच्यातले तीनचतुर्थांश चेतापेशींच्या सांध्यांवर काम करणाऱ्या प्रथिनांचे, आणि एकतृतीयांश चेतापेशींना आवर घालण्याशी संबंधित. बुबुळं भिरभिरणाऱ्या रुग्णांत नेमका हाच आवर सुटलेला असतो. लक्षण आणि रेणू यांची गाठ अशी पडली.

पुढे वंश भराभर वाढला. २००८ मध्ये डार्नेल यांच्याच गटाने क्लिपला नव्या वेगवान क्रमवाचनाची जोड दिली, आणि शेकड्यांतला हिशोब लाखांत गेला. २०१० मध्ये टॉमस टुशल यांच्या गटाने पेशींना आधीच एक बदललेलं अक्षर खाऊ घातलं. बंध जुळला तिथे वाचनात खूण उमटू लागली. त्याच वर्षी केंब्रिजला गेलेल्या उले यांनी एका अडचणीचाच उपयोग करून घेतला. पचवलेल्या प्रथिनाचा शेष आरएनएवर राहतो आणि नक्कल करणारं विकर तिथेच अडतं. जिथे अडलं, तीच बंधाची जागा. २०१६ मध्ये जीन यो यांच्या गटाने सुटसुटीत केलेल्या पद्धतीमुळे शंभराहून अधिक प्रथिनांचे नकाशे निघाले.

या नकाशांची वाट पुन्हा रुग्णाकडेच वळली. २००६ मध्ये एएलएस या स्नायू लुळे पाडणाऱ्या विकारात मरणाऱ्या चेतापेशींमधल्या गुठळ्या टीडीपी-४३ नावाच्या आरएनए-प्रथिनाच्या निघाल्या. २०११ मध्ये दोन गटांनी क्लिप लावून पाहिलं. उंदराच्या मेंदूत त्याचा हात ६,३०४ जनुकांच्या आरएनएवर पोचत होता. २०१५ मध्ये कळलं, की एरवी दडलेले, निरुपयोगी तुकडे संदेशात शिरू न देणं हे त्याचं एक मोठं काम आहे; ते गुठळीत अडकलं की राखण सुटते. २०२२ मध्ये ‘यूएनसी-१३-ए’ या जनुकात असा एक तुकडा सापडला. एएलएसचा धोका वाढवणारे फरक तिथेच असल्याचं आधीपासून ठाऊक होतं, कारण ठाऊक नव्हतं. ते फरक टीडीपी-४३ची पकड बदलतात, याचा पुरावा मिळवताना क्लिपचीच एक आवृत्ती कामी आली. तो तुकडा शिरू न देणारी औषधं शोधायचं काम आता चालू आहे.

मूलभूत शोध आधी आणि त्याचा रोगाला उपयोग मागाहून, असा क्रम आपण गृहीत धरतो. क्लिपच्या बाबतीत ‘एसएम’, ‘हू’ आणि ‘री’ या तीन रुग्णांचं सीरम आधी होतं. आरएनएचं मूलभूत विज्ञान त्यातून उभं राहिलं, आणि रोगावर आज ते जे सांगतंय, ती त्या रुग्णांच्या देण्याची परतफेड आहे.