अनवाणी पळणारे आणि बैठका मारणारे

देहूरोडच्या छावणीलगत आणि पुढे मावळात पहाटे पळणारी पोरं दिसतात, त्यांतली बरीचशी भरतीची तयारी करणारी असतात. लष्कराच्या चाचणीत अनेक वर्षे १.६ किलोमीटरची धाव पूर्ण गुणांसाठी साडेपाच मिनिटांत संपवावी लागे आणि वर १० पुल-अप्स मारावे लागत. पळणं आणि ताकद यांची अशी एकत्र परीक्षा होते खरी, पण पुणे परिसरात या दोन विद्या बराच काळ एकमेकींपासून लांबच राहिल्या.

१९१९च्या सुमारास पुण्यातल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तिथल्या शर्यती पाहिल्या. शेतात राबणारी पोरं अनवाणी धावत होती. आधुनिक प्रशिक्षण त्यांना ठाऊकही नव्हतं, तरी त्यांच्या वेळा युरोपच्या तोडीच्या होत्या, असं टाटांनी पुढे लिहून ठेवलं. त्यातूनच १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. तिथली ४२.७५ किलोमीटरची मॅरेथॉन ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. फडेप्पा चौगुले यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली आणि १९वा क्रमांक मिळवला. याच संघात रणधीर शिंदे आणि कुमार नवले हे पैलवानही होते.

पण एका संघात असूनही पैलवान आणि धावपटू यांचा सराव वेगळा. जोर-बैठका तालमीतल्या, मैलोनमैल पळणं धावपटूंचं. बैठकांनी मांड्या जड होतात आणि पाय मंदावतो, हा समज धावपटूंमध्ये फार चिवट होता.

अनवाणी पळण्याचं मर्म शास्त्रज्ञ डॅनियल लिबरमन यांच्या २०१०च्या अभ्यासाने उलगडलं. सवयीने अनवाणी पळणारा बहुधा चवड्यावर उतरतो, त्यामुळे टाच आपटल्यावर बसणारा झटका टळतो. मात्र भार नाहीसा होत नाही, तो पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर जातो. सवय नसताना एकदम चवड्यावर पळू लागलेल्याची पोटरी म्हणूनच धरते.

ताकदीच्या सरावाने पाय मंदावतो, या समजाविरुद्धचा पुरावा फिनलंडमधून आला. १९९९मध्ये तिथल्या धावपटूंनी ९ आठवडे स्फोटक ताकदीचा सराव केला. ऑक्सिजन घेण्याची क्षमता वाढली नाही, तरी ५ किलोमीटरची वेळ सुधारली, कारण त्याच वेगासाठी कमी ऊर्जा लागू लागली. २०१४मध्ये विविध खेळांतल्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा ताकदीच्या सरावाने दुखापती एक तृतीयांशाहून कमी झाल्याचं दिसलं.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करातूनच धावपटू झाला. त्याच्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाणउड्या असतात. दर उडीनंतर सगळा भार आधी एका पायावर येतो. २०२२मध्ये त्याने राष्ट्रकुलचं रौप्य आणि २०२३मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं. जुलै २०२५मध्ये मोनॅकोत पाणउडीवर तो पडला, गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. असा गुडघा पुन्हा पळता करताना आधी मांडीची ताकद परत आणावी लागते आणि त्या व्यायामांत बैठका असतातच.