चरबी नावाचा आळ

डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, बहुधा वरच्या पापणीवर, काही जणांना पिवळसर, मऊ, चपटा चट्टा उठतो. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तसाच राहतो. घरात कोणी त्याला चामखीळ म्हणतं, कोणी डाग, आणि जरा माहीतगार माणूस म्हणतो, 'चरबी साठलीय.' डॉक्टर कागदावर लिहितात 'झँथेलाझ्मा'. या सगळ्या नावांत सर्वांत जास्त नुकसान मला 'चरबी' या नावाने केलेलं दिसतं. का, ते सांगण्याआधी बाकीच्या शब्दांची घराणी पाहायला हवीत.

झँथेलाझ्मा हा दोन ग्रीक शब्दांचा जोड. 'झँथॉस' म्हणजे पिवळा, सोनेरी, आणि 'एलाझ्मा' म्हणजे ठोकून पसरवलेला धातूचा पत्रा. पुण्याच्या तांबट आळीत वाढलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागणार नाही. नाव ठेवणाऱ्याने डोळ्यांना दिसलं तेवढंच टिपलं, रंग आणि आकार. आजार कशामुळे झाला, माणूस कसा वागतो, याबद्दल चकार शब्द काढला नाही. हा त्या नावाचा सभ्यपणा मला फार आवडतो. त्याआधीचं नाव असं नव्हतं. १८५१ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन आणि विल्यम गल यांनी या चट्ट्यांचं वर्णन केलं तेव्हा त्यांना 'व्हिटिलिगॉइडिया' म्हटलं होतं, म्हणजे व्हिटिलिगोसारखं काही. व्हिटिलिगो म्हणजे आज आपण ज्याला कोड म्हणतो ते. या एका शब्दाने आपल्याकडे किती लग्नं अडली, किती माणसं पंगतीतून दूर बसली, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ते नाव रुजलं असतं तर पापणीवरच्या निरुपद्रवी चट्ट्यालाही तोच भोग आला असता. १८६०च्या दशकात इरॅस्मस विल्सन या इंग्लिश त्वचातज्ज्ञाने झँथेलाझ्मा हे नाव दिलं आणि जुनं मागे पडलं.

याच घराण्यातला दुसरा शब्द 'झँथोमा'. पापणीवरच्या चपट्या चट्ट्याऐवजी कोपरावर, गुडघ्यावर, बोटांच्या सांध्यांवर किंवा टाचेमागे गाठ आली की हा शब्द वापरतात. संस्कृतातून कोणी याला 'पीतार्बुद' म्हणेल, पण अर्बुद म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात कॅन्सर उभा राहतो, आणि या गाठी कॅन्सरच्या नसतात. 'पिवळी गाठ' एवढं साधं नाव पुरेसं आहे.

झँथॉस हा शब्द होमरने अकिलीसच्या केसांसाठी वापरला आहे. त्या सोनेरी केसांच्या वीराचं नाव पुढे टाचेमागच्या जाड शिरेला मिळालं, शास्त्रात तिला अकिलीस कंडरा म्हणतात. आणि वारशाने आलेल्या कोलेस्टेरॉलच्या विकारात पिवळी गाठ नेमकी याच शिरेत धरते, शीर दोरखंडासारखी जाड होते. अकिलीसच्या केसांचा रंग त्याच्या टाचेत उतरावा, ही गाठ शब्दांनी कोणाच्याही मनात नसताना बांधली आहे.

कोलेस्टेरॉल या शब्दातही पिवळेपणाच दडलाय. अठराव्या शतकात पित्ताशयातल्या खड्यांमध्ये एक पांढरा स्फटिकी पदार्थ सापडला. मिशेल यूजेन शेव्हरल या फ्रेंच रसायनज्ञाने त्याला 'कोलेस्टेरिन' म्हटलं, 'कोले' म्हणजे पित्त आणि 'स्टेरेऑस' म्हणजे घट्ट. पुढे तो पदार्थ रसायनशास्त्राच्या हिशेबात अल्कोहोल ठरला, म्हणून शेवटी 'ऑल' आलं. ग्रीक 'कोले' ज्या प्राचीन धातूतून आला त्याचा अर्थ पिवळा, हिरवट, चमकणारा असा होता. त्याच धातूचा आपल्याकडचा वंश म्हणजे 'हरि', 'हरित', आणि 'हरिद्रा'तून आलेली आपली हळद. कोलेस्टेरॉलच्या आणि हळदीच्या नावांची पणजी एकच.

रक्ततपासणीच्या कागदावरचा 'लिपिड' तर आणखी जवळचा. ग्रीक 'लिपॉस' म्हणजे चरबी, आणि त्याचा संस्कृतातला भाऊ 'लिप्', म्हणजे माखणं, चिकटवणं. त्यातून लेप, लिंपणं, विलेपन, अलिप्त. 'लिपी'सुद्धा याच धातूतून आली असं परंपरा मानते. मात्र अशोकाच्या वायव्येकडच्या शिलालेखांत 'दिपि' हा प्राचीन इराणी शब्द दिसतो, आणि लिपी त्याच्यावरूनच आली, लिप् धातूने फक्त तिचा द चा ल केला, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. मला ते पटतं. तरी लिपिड म्हणजे चिकटून बसणारं, हे मराठी कानाला अनुवादाशिवाय कळतं. रोहिणीच्या भिंतीत साचणाऱ्या थराला 'अथेरोमा' म्हणतात, ग्रीक 'अथेरे' म्हणजे लापशी. तो थर कापून पाहिला तर आत खरोखर पिठूळ लगदा दिसतो.

आता चरबी. फारसीत 'चर्ब' म्हणजे स्निग्ध, तुपट, आणि गोड बोलणाऱ्या माणसाची जीभही तिथे 'चर्ब' असते. मराठीत येताना शब्दाचा नूर पालटला. आपल्याकडे चरबी चढते ती माजलेल्या माणसाला. तिच्याच घरातल्या इतर शब्दांना मात्र आपण मान देतो. तेलातुपाला 'स्नेह' म्हणतो आणि मायेलाही स्नेहच म्हणतो. आयुर्वेदाच्या सात धातूंत मेद हा सन्मानाने बसलेला धातू आहे, आणि मधुकैटभांच्या मेदाने माखली म्हणून पृथ्वी 'मेदिनी' झाली असं पुराणं सांगतात. एकट्या चरबीच्या माथी खादाडपणा, आळस आणि उन्मत्तपणा असा तिहेरी आळ आला. त्यामुळे 'डोळ्यावर चरबी साठलीय' असं ऐकणारी बाई आधी लाजते, डब्यातलं तूप बंद करते आणि तपासणी टाळते. आणि सडपातळ माणूस म्हणतो, माझ्या अंगावर कुठे आहे चरबी, मला कशाला रक्त तपासायला?

या दुसऱ्या माणसाची मला जास्त काळजी वाटते. नॉर्वेचे डॉक्टर कार्ल म्युलर यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिलं की पिवळ्या गाठी, रक्तातलं चढलेलं कोलेस्टेरॉल आणि लवकर येणारा हृदयविकार ही तिन्ही काही घराण्यांत एकत्र, पिढीजात चालतात. १९७०च्या दशकात मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी अमेरिकेत त्याचं मूळ शोधलं. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण उचलून घेणारे यकृताच्या पेशींवरचे ग्राहक या लोकांत जन्मतःच कमी किंवा सदोष असतात. या शोधाला १९८५ चं नोबेल मिळालं. सुमारे अडीचशे माणसांत एकाला हा दोष एका पालकाकडून आलेला असतो. दोन्ही पालकांकडून आला, तर शाळकरी वयातच कोपरा-गुडघ्यांवर गाठी दिसतात. अशा मुलाने काय खाल्लं, किती धावलं, याच्याशी त्या गाठींचा मूळ संबंध नसतो.

रक्तातलं दुसरं लिपिड म्हणजे ट्रायग्लिसराइड्स. ती अतोनात चढली, विशेषतः आटोक्याबाहेरच्या मधुमेहात, तर कुल्ले आणि कोपरांवर पिवळसर पुटकुळ्यांचं पीक अचानक येतं. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका तेव्हा खरा असतो, म्हणून थांबायचं नाही. एका दुर्मीळ विकारात तळहाताच्या रेषाच पिवळ्या पडतात.

उलट बाजूही तितकीच खरी. पापणीवर चट्टा असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचं कोलेस्टेरॉल सामान्य निघतं. पण कोपनहेगनमध्ये १२,७४५ लोकांना दोन दशकांहून अधिक काळ पाहून २०११ मध्ये आलेल्या अभ्यासात असं दिसलं की हे चट्टे असलेल्यांना हृदयविकाराचा धोका जास्त होता, आणि तो कोलेस्टेरॉलचा आकडा हिशेबात धरल्यावरही उरत होता. चट्टा लेझरने किंवा लहानशा शस्त्रक्रियेने काढता येतो, पुन्हा येऊही शकतो. काढायचा तर खुशाल काढावा, पण आधी लिपिडची तपासणी करावी, रक्तदाब आणि साखरही पाहून घ्यावी. टाचेमागची शीर हाताला जाड लागत असेल तर भावंडांचं आणि मुलांचंही रक्त तपासावं, मुलं कितीही काटकुळी असली तरी.